वाइतांगीचा तह : एक करार, दोन मजकूर आणि उंदरांनी खाल्लेला कागद

खारा वारा

मंडळी, आमच्या वेलिंग्टनला, म्हणजे न्यूझीलंडमध्ये, ६ फेब्रुवारीची सुट्टी असते: इंग्रज आणि इथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वाइतांगीच्या तहाची. अकरा वर्षं ही सुट्टी मी कपडे धुण्यात आणि समुद्रावर घालवली. यंदा लेकीला शाळेतून 'तहाबद्दल घरी बोला' असं काम मिळालं आणि चार वाक्यांपुढे माझी गाडी सरकेना. म्हणून आदल्या शनिवारी तिला घेऊन राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. तिथे 'हे तोहू' नावाचं प्रदर्शन आहे. लाकडानं मढवलेली खोली, उजेड इतका मंद की डोळे सरावायला मिनिटभर लागतं, आणि त्यात या देशाचे तीन मूळ दस्तऐवज. त्यातला एक म्हणजे वाइतांगीचा तह.

मला वाटलं होतं, लाखेचा शिक्का लावलेला एखादा भारदस्त कागद असेल. निघाले नऊ वेगवेगळे कागद. त्यातला मुख्य, खुद्द वाइतांगीला सह्या झालेला, उंदरांनी कुरतडून ठेवलाय. खालचा बराच भाग गायबच. १८४१ मध्ये ऑकलंडच्या सरकारी कचेरीला आग लागली तेव्हा एका कारकुनानं हे कागद वाचवले. पुढे ते वेलिंग्टनच्या सरकारी इमारतीच्या तळघरात जाऊन पडले. १९०८ मध्ये थॉमस हॉकेन या इतिहासवेड्या डॉक्टरांना सापडले, तोवर उंदीर आणि ओल यांनी आपापला वाटा घेतला होता. आगीतून काढायचं आणि उंदरांपुढे ठेवायचं! ज्या कागदावर अख्खा देश उभा आहे त्याची सरकारदरबारी काय किंमत होती, ते मला त्या कुरतडलेल्या कडेकडे बघून कळलं.

लेक म्हणाली, "आई, सह्या कुठेत? ही तर चित्रं आहेत." खरंच, काही सरदारांनी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली एखादी वेलांटी तिथे काढली आहे. तीच सही.

थोडक्यात गोष्ट अशी. २९ जानेवारी १८४० ला कॅप्टन विल्यम हॉबसन उत्तरेच्या बे ऑफ आयलंड्समध्ये उतरला. माओरी सरदारांच्या संमतीनं हा मुलूख इंग्लंडच्या राणीच्या छत्राखाली आणायचा, असा हुकूम घेऊन. बरोबर वकील नाही. जेम्स बस्बी हा तिथला इंग्रज रहिवासी प्रतिनिधी आणि हॉबसनचा चिटणीस यांच्या मदतीनं इंग्रजी मसुदा झाला. ४ फेब्रुवारीला संध्याकाळी तो हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती दिला आणि त्यानं मुलाला बरोबर घेऊन एका रात्रीत माओरीत उतरवला. ५ तारखेला बस्बीच्या घरापुढे जहाजाच्या शिडांचा तंबू ठोकून दिवसभर वाद झाला. ६ तारखेला चाळीसेक सरदारांनी सह्या केल्या, पहिली होने हेके याची. प्रत्येकाला दोन घोंगड्या आणि थोडी तंबाखू मिळाली.

पुढच्या काही महिन्यांत कागदाच्या प्रती देशभर फिरल्या आणि पाचशेहून जास्त सह्या जमल्या. त्यातल्या फक्त ३९ इंग्रजी मजकुरावर आहेत. बाकी सगळ्या माओरीवर. आणि दोन्ही मजकूर एकच गोष्ट सांगत नाहीत.

इंग्रजी पहिलं कलम म्हणतं, सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देतात. माओरीत तिथे 'कावनातंगा' आहे. दुसरं इंग्रजी कलम म्हणतं, जमिनी, जंगलं, मासेमारी यांचा निर्वेध ताबा माओरींकडे राहील. माओरीत तिथे 'तिनो रंगतिरातंगा' आहे, जमिनींवर, गावांवर आणि सगळ्या 'ताओंगा'वर, म्हणजे मोलाच्या ठेव्यांवर. तिसऱ्या कलमात ब्रिटिश प्रजेचे हक्क. त्यावर फारसं भांडण नाही.

आता हे मराठीत कसं सांगायचं? 'कावना' म्हणजे गव्हर्नर, इंग्रजी शब्दच माओरी जिभेवर बसवलेला. 'तंगा' लावलं की भाववाचक नाम. 'रंगतिरा' म्हणजे सरदार, प्रमुख. लेकीला मी 'कावनातंगा म्हणजे राज्य' असं सांगून टाकलं आणि तेव्हापासून चुकल्यासारखं वाटतंय. जुनी मराठी जाणणारे इथे बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

(अवांतर: लोक 'वाइटांगी' लिहितात. माओरी त आपल्या त च्या जवळचा आहे. वाइ म्हणजे पाणी, तांगी म्हणजे रडणं.)

अळूवडी

खावा (खारा वारा) ताई, मस्त धागा. 'वाइटांगी' वाचून मला कुणी तरी वाईट टांगलंय असं वाटायचं, ते एक बरं केलंत सांगून. वाचतेय.

मोडीवाचक

ताई, ती चेहऱ्याची वेलांटी वाचून अंगावर काटा आला. आपल्या जुन्या महजरांवर आणि निवाडपत्रांवर हेच असतं. पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' आणि नांगराचं छोटं चित्र. कुळकर्ण्याची लेखणी, सुताराचं त्याचं हत्यार. नवख्या माणसाला वाटतं अडाणी होते म्हणून चित्रं काढली. तसं नाही. नांगर हा त्या माणसाचा हक्क होता, गावातली त्याची जागा होती. ज्यानं गालावरची रेघ कागदावर उतरवली त्यानंही 'मला लिहिता येत नाही' असं म्हटलेलं नाही. 'मी कोण आहे ते हे बघा' असं म्हटलंय.

आता शब्द. 'कावनातंगा'ला राज्य म्हणू नका. 'गव्हर्नरकी' म्हणा. पाटीलकी, देशमुखी, सुभेदारी तशी गव्हर्नरकी. मराठी माणसाला लगेच कळेल की ही एक नेमणूक आहे, कारभार आहे. सुभेदार येतो, वसूल बघतो, तंटे मिटवतो, बदलून जातो. गाव सुभेदाराचं होत नाही.

'रंगतिरातंगा' अवघड आहे. सरदारकी म्हटलं तर कुणाच्या तरी दरबारातली सरदारकी वाटते. 'तिनो' म्हणजे काय?

खारा वारा

तिनो म्हणजे खरीखुरी, पुरेपूर. आणि गव्हर्नरकी एक नंबर! लेकीला सांगितलं, ती म्हणे 'मॉनिटरकी'. वर्गाचा मॉनिटर पाटीवर नावं लिहितो, म्हणून तुझा डबा त्याचा होत नाही. मी गप्प.

मोडीवाचक

लेकीला माझा नमस्कार सांगा. मग 'तिनो रंगतिरातंगा'साठी माझ्या डोक्यात एकच शब्द येतो आणि तो लिहायला जरा बिचकतोय. स्वराज्य.

रोखठोक

थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा. शब्दांचे खेळ छान आहेत, पण एका रात्रीत भाषांतर करणाऱ्या बिचाऱ्या पाद्र्याकडून चूक होणारच. त्यावरून पावणेदोनशे वर्षांनी कोर्टकज्जे? सार्वभौमत्व ही युरोपातली कल्पना, माओरीत तिला शब्दच नसेल तर तो काय करणार?

खारा वारा

रोखठोक, मलाही आधी हेच वाटलं होतं. पण त्याच खोलीत शेजारच्या काचेखाली दुसरा कागद आहे. २८ ऑक्टोबर १८३५ चा, उत्तरेच्या ३४ सरदारांनी केलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा. तो बस्बीनंच पुढाकार घेऊन करवला होता, आणि माओरीत आणला होता याच हेन्री विल्यम्सनं. त्यात 'सार्वभौम सत्ता' या अर्थी 'किंगितंगा' आणि 'माना' हे शब्द आहेत. किंगितंगा म्हणजे राजेपण. माना हा शब्द तुम्हाला इथे रोज ऐकू येईल: अधिकार, वजन, तेज, सगळं त्यात आलं.

म्हणजे शब्द होता. त्याच माणसाला माहीत होता. पाच वर्षांनी 'तुमचा माना राणीला द्या' असं लिहिलं असतं तर एकानंही निशाणी केली नसती, असं इथले बरेच अभ्यासक म्हणतात. विल्यम्सनं मुद्दाम टाळला की रात्रीच्या घाईत सोपा शब्द घेतला, यावर मात्र त्यांचं एकमत नाही. मला स्वतःला मुद्दाम टाळला असंच वाटतं. बायबलच्या माओरी भाषांतरात पाँटियस पायलट हा 'कावना' आहे, आणि मिशनच्या शाळेत शिकलेल्या सरदारांना कावना तिथूनच ठाऊक. वर बसलेल्या बादशहाचा एक अंमलदार.

५ तारखेच्या वादाची हकिगत विल्यम कोलेन्सो या मिशनच्या छापखानेवाल्यानं लिहून ठेवली आहे. ते केमारा नावाचा सरदार उठून हॉबसनला म्हणाला की, तू वर आणि मी खाली असं होणार असेल तर परत जा. असं म्हणत त्यानं बेड्या घातल्यासारखी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून दाखवली. आणि विल्यम्सकडे वळून, माझी जमीन तू घेतलीस ती आधी परत कर, असंही. म्हणजे भाषांतरकार स्वतः जमिनीच्या व्यवहारात अडकलेला! दुसऱ्या दिवशी सह्या सुरू होताना कोलेन्सोनं हॉबसनला अडवून विचारलं, या लोकांना कलमं समजली आहेत असं आपल्याला वाटतं का? हॉबसनचं उत्तर साधारण असं, की माझ्याकडून जमेल तेवढं मी केलंय. आणि सह्या चालू राहिल्या. प्रत्येक सहीला हॉबसन हात मिळवून म्हणत होता, 'हे इवि ताही तातौ', आपण आता एकच लोक.

मी औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्या देताना समोरच्याला समजलंय की नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, अशी आमची शिकवण. कोलेन्सोचा प्रश्न मला म्हणूनच फार जवळचा वाटला.

अळूवडी

ते केमारानं शेवटी सही केली का मग?

खारा वारा

केली. दुसऱ्याच दिवशी. का केली, यावरच तर इतिहासाची कपाटं भरली आहेत. गोऱ्या दर्यावर्दींची दंगामस्ती आवरायला कुणीतरी हवं होतं, फ्रेंचांची भीती घातली जात होती, व्यापार हवा होता, आणि तामाती वाका नेने या सरदारानं त्या दिवशी हॉबसनच्या बाजूनं फार परिणामकारक भाषण केलं. ते गोरे तर आलेच आहेत, आता त्यांना परत कसं घालवणार, असा त्याचा रोख. सगळ्यांनी केली नाही मात्र. वाइकातोच्या ते व्हेरोव्हेरोनं नाही केली. तौपो सरोवराकडच्या ते हेउहेउ मानानुईच्या भावानं सही करून घोंगड्या घरी नेल्या, तर मानानुईनं त्या परत पाठवल्या.

नांगरमुठी

घोंगड्या परत पाठवणारा माणूस आवडला. आमच्याकडे इसार परत करणं म्हणतात याला.

ताई, बायकांच्या सह्या होत्या का?

खारा वारा

होत्या, किमान १३. वेलिंग्टनच्या बंदरात सही करणारी काहे ते राऊ ओ ते रंगी तर मुलीला पाठीशी बांधून कापिती बेटावरून समुद्र पोहून किनाऱ्याला आली होती, अशी तिची ख्याती. मी त्या बेटाकडे किनाऱ्यावरून पाहिलंय, वाऱ्याच्या दिवशी. मला बघूनच धाप लागली.

रोखठोक

ठीक, १८३५ चा मुद्दा मान्य. माघार. पण दुसरा प्रश्न उरतोच. इंग्रजांनी आपल्याशीही ढिगानं तह केले. सालबाई, वसई, देवगाव. सगळे त्यांनी सोयीनं वाकवले. आपण लंडनमध्ये जाऊन वसईच्या तहाची भरपाई मागतो का? आणि दुसरं, ऑकलंडला माझा चुलतभाऊ आहे. तो म्हणतो की आम्ही ना इंग्रज ना माओरी, आमच्या करातून जुन्या पापांची भरपाई कशाला?

मोडीवाचक

वसईच्या तहावर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं सही केली, १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. एक पक्ष संपला. आणि १९४७ ला दुसराही गेला. तह मोडायलासुद्धा दोन्ही पक्ष जागेवर लागतात! न्यूझीलंडमध्ये माओरी तिथेच आहेत आणि ज्याच्या नावानं सही झाली ते राजपदही तिथेच आहे. करार जिवंत आहे, म्हणून भांडण जिवंत आहे.

खारा वारा

अगदी. पण शंभरेक वर्षं तो मेल्यात जमा होता हेही खरं. १८७७ मध्ये इथल्या सर न्यायाधीशानं, प्रेंडरगास्टनं, एका निकालात तहाला सरळ शून्यवत ठरवलं: रानटी लोकांशी तह कसला! पहिली सही करणारा होने हेके तर पाच वर्षांतच बिथरला होता. कोरोरारेकाच्या टेकडीवरची इंग्रजांची निशाणकाठी त्यानं चारदा तोडली, शेवटची मार्च १८४५ मध्ये, आणि लढाई पेटली. गंमत म्हणजे ती काठी मुळात त्यानंच भेट दिली होती असं सांगतात.

जमिनीचं तर विचारू नका. दुसऱ्या कलमात एक मेख होती, जमीन विकायची तर फक्त सरकारला. गिऱ्हाईक एकच म्हटल्यावर भाव कुणी ठरवायचा? १८४८ मध्ये दक्षिण बेटाचा मोठा पट्टा, सव्वा कोटी एकरांहून जास्त, केम्प नावाच्या अधिकाऱ्यानं नाइ ताहू जमातीकडून २,००० पौंडांना घेतला. त्यांना राहायला म्हणून ६,३५९ एकर मोजून दिले. शाळा, दवाखाने यांच्या वचनांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. उत्तरेला वाइकातोत १८६३ मध्ये फौज घुसवली आणि 'बंडखोरी'च्या नावाखाली सुमारे १२ लाख एकर जप्त.

पालटलं १९७५ मध्ये. माओरी नेत्या फिना कूपर, वय ७९, उत्तरेच्या टोकापासून वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी मोर्चा घेऊन चालत आल्या. साधारण हजार किलोमीटर. त्याच वर्षी कायद्यानं वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. त्याला आधी तहभंगाच्या फक्त नव्या तक्रारी ऐकता येत होत्या. १९८५ मध्ये १८४० पर्यंत मागे जायची मुभा मिळाली, तेव्हा खरी कपाटं उघडली.

रोखठोक, तुमच्या चुलतभावाच्या प्रश्नाचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण आकडे बघा. वाइकातोला १९९५ मध्ये मिळाले १७ कोटी डॉलर. नाइ ताहूला १९९८ मध्ये तेवढेच. आणि २०१० मध्ये बुडालेल्या एकाच वित्तसंस्थेच्या ठेवीदारांना सरकारनं दीड अब्जाहून जास्त दिले. ते पैसेही आपल्याच करातले, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आणखी एक. इथे आमच्यासारख्यांना 'तंगाता तिरिती' म्हणतात, तहाचे लोक. माओरी ते 'तंगाता व्हेनुआ', भूमीचे लोक. म्हणजे मी इथे कुठल्या हक्कानं राहते? व्हिसाच्या. व्हिसा कोण देतं? सरकार. सरकारला इथे बसायचा हक्क कुणी दिला? पुन्हा त्या कुरतडलेल्या कागदापाशी येऊन थांबते मी.

टोरांटोचा तात्या

धागा आज दिसला. आमच्याकडची भर घालतो, कारण इथे तर तहाचा पगार अजून वाटतात.

कॅनडानं १८७१ ते १९२१ मध्ये मूळ रहिवासी राष्ट्रांशी ११ मोठे तह केले. नावंही कारकुनी: तह क्रमांक १, २, ३. प्रेअरीचा सगळा सपाट मुलूख त्यांत आला. बदल्यात राखीव जमीन, शाळा, शेतीची अवजारं आणि बहुतेक तहांत दरडोई वर्षाला पाच डॉलर. १८७६ च्या सहाव्या तहात औषधाची पेटी ठेवण्याचंही कलम आहे, देवीची साथ डोळ्यांसमोर होती म्हणून. आज त्या पेटीचा अर्थ आरोग्यसेवा असा घ्यायचा की खरोखरच एक पेटी, यावर वकिलांची पोटं भरतात.

तर ते पाच डॉलर. अजूनही पाचच आहेत! एका वर्षी कामानिमित्त मॅनिटोबात होतो, तिथे वाटप पाहिलं. सभागृहात टेबल, मागे सरकारी बाई यादी घेऊन, शेजारी लाल डगल्यातला घोडदळ पोलीस. माणसं रांगेनं येतात, नाव सांगतात, पाच डॉलरची कोरी नोट घेतात. एक आजोबा नोट घेऊन खिशात न घालता हातातच धरून उभे होते. मी (मूर्खासारखं) म्हटलं, यात तर कॉफी आणि पाव येईल फक्त. ते म्हणाले, मी पैशासाठी येत नाही, ते विसरले नाहीत ना हे बघायला येतो.

ह्युरॉन सरोवराकडचा १८५० चा रॉबिन्सन तह आणखी मजेशीर. त्यात लिहिलं होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं तर वार्षिक रक्कमही वाढवू. १८७५ मध्ये ती माणशी चार डॉलर केली आणि पुढे दीडशे वर्षं विसरले. खाणी, लाकूड, सगळं उपसून झालं. शेवटी २०२३ मध्ये मागच्या थकबाकीपोटी १० अब्ज डॉलरची तडजोड झाली. रोखठोक साहेब, जुना करार जपून ठेवावा तो असा!

रोखठोक

तात्या, १० अब्ज?! आमच्या सोसायटीची बिल्डरकडची थकबाकी तुमच्या त्या वकिलांना द्यायला हवी.

सातपुडा

सगळं वाचलं. तात्यांचं टेबल आणि कोरी नोट वाचून राहवलं नाही. रोखठोक म्हणाले की आपल्याकडचे तह गेले. एक नाही गेला. माझं गाव सुरगाण्याकडचं, नाशिक जिल्ह्याच्या पार टोकाला. डोंगर उतरलं की गुजरातेतला डांग.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा सातपुड्यातले आणि सह्याद्रीतले भिल्ल नाईक त्यांना आवरेनात. आधी फौजा पाठवल्या, मग नाईकांना पेन्शनी बांधून दिल्या. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली. १८३० मध्ये तोच डांगात शिरला. डांगात हवं काय होतं? साग. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांशी करार केले. जंगलातलं लाकूड तोडायचा हक्क कंपनीला, बदल्यात राजांना आणि नाईकांना दरसाल ठरलेले पैसे. राज्य राजांचंच. पैसे वाटायला दरबार भरायचा.

तो दरबार अजून भरतो. डांगातल्या आहव्याला, होळीच्या आधी. गाढवी, वासुर्णा, पिंपरी, लिंगा, दहेर या पाच गाद्यांचे राजे सजवलेल्या बग्गीतून येतात, सरकारी पाहुण्याच्या हातून सालियाणा घेतात. १९७१ मध्ये मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. डांगच्या राजांना मात्र मिळत राहिलं.

लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला जायचो, कारण दरबार म्हणजे जत्राच. पावरीचा आवाज डोंगराच्या अलीकडून ऐकू यायचा. मला राजा बघायचा होता. वडिलांनी दाखवला: साधा सदरा, डोक्याला फेटा, हातात पाकीट. मी विचारलं, मुकुट? वडील म्हणाले, गप्प बस, ते मालक आहेत.

आता खावा ताईंच्या दोन मजकुरांकडे येतो. राजांना वाटलं आपण झाडं भाड्यानं दिली. कागदाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांनी त्यातून हळूहळू जंगलच घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राखीव जंगलं आखली, फिरती शेती आवळली, कुऱ्हाड लावली की गुन्हा. ज्या जंगलाचं भाडं आपल्याला मिळतं त्याच जंगलात आपण चोर! हे कोडं आमच्याकडचे म्हातारे अजून सोडवतात.

मोडीवाचक

सातपुडा, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. आणि तुमच्या एका शब्दानं माझं अडलेलं काम झालं. 'मालक'. कावनातंगा म्हणजे गव्हर्नरकी आणि तिनो रंगतिरातंगा म्हणजे खरी मालकी. स्वराज्य हा शब्द आपल्याला फार वर घेऊन जातो. मालकीत जमीनही येते आणि माणसाचा मानही.

खारा वारा

मालकी आवडला, पण जरासा टोचतो. इथे जमीन माणसाची असण्यापेक्षा माणूस जमिनीचा असतो. २०१७ मध्ये फांगानुई नदीला कायद्यानं व्यक्ती म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्या काठच्या लोकांची एक म्हण सगळीकडे छापून आली, 'को औ ते आवा, को ते आवा को औ'. मी नदी, नदी मी. तिथे मालक कोण म्हणणार?

सातपुडा, तुमचं झाडं आणि जंगल वाचून मला नोपेरा पानाकारेआओ आठवला. एप्रिल १८४० मध्ये कैताइया इथे सही करताना तो म्हणाला होता की जमिनीची सावली राणीकडे जाते, जमीन आमच्याकडे राहते. वर्षभरातच तो उलट म्हणायला लागला: जमीन राणीकडे गेली, आमच्याकडे सावली.

अळूवडी

...

(काही लिहायला सुचलं नाही, पण वाचलं हे कळावं म्हणून.)

रोखठोक

सावली-जमीन डोक्यातून जात नाहीये. चुलतभावाला धाग्याचा दुवा पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'पण मग तो तहाच्या तत्त्वांचा कायदा का पाडला? सगळे समान म्हणण्यात वाईट काय?' ताई, हे काय प्रकरण?

खारा वारा

नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तेतल्या एका छोट्या पक्षानं विधेयक आणलं. तहाची 'तत्त्वं' संसदेनं नव्यानं ठरवायची, त्यात सगळ्यांचे हक्क सारखे. ऐकायला गोड. अडचण एवढीच, की दोन पक्षांच्या कराराचा अर्थ एकाच पक्षानं बहुमतानं ठरवायचा. संसदेत हाना राउहिती माइपी क्लार्क या तरुण खासदारानं विधेयकाची प्रत फाडून हाका (माओरींचं आवेशाचं समूहनृत्य) सुरू केला, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच असेल. पाच दिवसांनी मोर्चा वेलिंग्टनला पोचला. पोलिसांच्या अंदाजानं ४२ हजार माणसं. मी कामाच्या जागेवरून बघत होते. दुपारी पायाला फोड आलेल्या एक बाई मलमपट्टी घ्यायला आल्या. मी पैसे नको म्हटलं, तर त्यांनी दटावून दिले. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

चुलतभावाला सांगा, हॉबसनचं 'आपण आता एकच लोक' आणि हे 'सगळे समान' शेजारी ठेवून वाचून बघ. पुढचं तुमचं तुम्ही भांडा, दिवाळीला.

टोरांटोचा तात्या

सातपुडा, यंदा दरबाराला जाणार का? गेलात तर एक बघून या. पाकिटावर काय लिहिलेलं असतं?

सातपुडा

तात्या, होळीला गावी आहेच, जाईन. पाकिटाचं बघतो, पण मला त्याहून वेगळंच बघायचंय. १८४२ च्या कागदावर राजांनी काय काढलंय ते. आहव्याच्या कुणा मास्तरांकडे प्रत असेल तर फोटो टाकतो. मोडीत असला तर वाचाल ना, मोडीवाचक दादा?

मोडीवाचक

आधी निशाणी शोधा. मजकूर नंतर बघू.